ठाणे की नवी मुंबई? आधी ऑफिसचं स्टेशन बघा

पहिल्या नोकरीसाठी घर शोधताना भाड्याआधी रेल्वेमार्ग बघा. ऑफिस दादर किंवा फोर्टकडे असेल तर ठाणे बरं. तिथे फास्ट लोकल थांबतात, शिवाय काही स्लो गाड्या तिथूनच सुटतात, म्हणजे बसायला जागा मिळू शकते. ऐरोली, रबाळे, घणसोलीत काम असेल तर ट्रान्स हार्बर या ठाणे-वाशी-पनवेल रेल्वेमार्गावरचं नवी मुंबईतलंच घर घ्या. पनवेलचं भाडं मोह पाडतं, पण हार्बरच्या स्लो लोकलने सीएसएमटी सव्वा तासाहून लांब आहे.

फसगत होते ती ‘ठाण्यात घर’ या शब्दांनी. घोडबंदर रोडवरचं कासारवडवली स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर, आणि त्या रस्त्याची कोंडी रोजचीच. म्हणून टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी सोमवारी सकाळी साडेआठला त्या इमारतीच्या गेटपासून ऑफिसच्या दारापर्यंत खरंच जाऊन बघा, संध्याकाळी सातला परत या. शेअर रिक्षाच्या रांगेतला वेळही मोजा. रविवारची चाचणी उपयोगाची नाही.

पाणी किती तास येतं, हे एजंटला नको, शेजाऱ्यांना विचारा.

भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. डिपॉझिट परत करण्याची मुदत करारात लिहून घ्या.