दिल्लीत नवीन आलात? आधी वेशी ओळखा

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी दर्यागंजजवळच्या दिल्ली गेटपाशी उभा होतो आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता: दिल्लीतच दिल्ली गेट कशाला? आपल्याकडेही वेशीला ती वाट जिकडे जाते त्या गावाचं नाव असतं. शाहजहाननं १६३९ नंतर शाहजहानाबाद वसवलं तेव्हा ‘दिल्ली’ म्हणजे दक्षिणेकडची आधीची वस्ती. म्हणून काश्मिरी गेट उत्तरेला, अजमेरी गेट नैर्ऋत्येला आणि दिल्ली गेट दक्षिणेला. आज आपण जिला जुनी दिल्ली म्हणतो ती तेव्हाची कोरी करकरीत! आत्ताची नवी दिल्ली त्यानंतरची. १९११ च्या दरबारात इंग्रजांनी कलकत्त्याहून राजधानी हलवायचं जाहीर केलं आणि १९३१ मध्ये नव्या शहराचं उद्घाटन केलं.

याचा उपयोग स्टेशनात उतरल्या उतरल्या होतो. नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक नंबर प्लॅटफॉर्म पहाडगंजकडे, सोळा नंबर अजमेरी गेटकडे. मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला. उलट्या बाजूला बाहेर पडलात तर बॅगा घेऊन पुन्हा जिने चढा. मुंबईच्या बऱ्याच गाड्या हजरत निजामुद्दीनला येतात, तेव्हा तिकीट नीट वाचा. मेट्रोच्या पाटीवर राजीव चौक असतं, लोकांच्या तोंडी ‘सीपी’, म्हणजे कनॉट प्लेस. आणि पुढचा डबा बायकांचा. पुरुषांनी घाईत त्यात शिरू नये, दंड होतो.

यूपीएससीसाठी आलेली आपली मुलं बहुतेक राजेंद्र नगर नाहीतर मुखर्जी नगर गाठतात. त्यांना एक गोष्ट हात जोडून सांगतो: भाडं कितीही कमी असो, तळघरातली खोली किंवा अभ्यासिका घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये राजेंद्र नगरात अशाच तळघरात पावसाचं पाणी घुसून तीन विद्यार्थी गेले. घरमालक पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद मागेल, ते निमूट द्या, सगळ्यांचं होतं.

भाषेचं म्हणाल तर आपलं हिंदी इथे उद्धट वाटतं. मी घरमालकिणीला सहज म्हणालो, “आंटी, तुम चाबी दे दो.” दोन दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मोठ्यांना ‘आप’, नावापुढे ‘जी’, आणि ‘मेरे को’ गावी ठेवून यायचं.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. गेलात की दिवाण-ए-खासचं छत मान वर करून बघा. तिथली चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला उतरवली. गाईड हे सांगताना आपल्याकडे रोखून बघतो असं मला उगाच वाटतं. कुतुबमिनार सोमवारीही उघडा असतो.

थंडीला हलक्यात घेऊ नका. इथल्या घरांच्या भिंतीच गार पडतात, आणि महाराष्ट्रातून आणलेलं ब्लँकेट डिसेंबरात चादरीसारखं वाटतं. कापूस भरलेली रजई ऑक्टोबरातच घ्या. नोव्हेंबरात धुरकट हवेनं घसा धरतो, तेव्हा मास्क जवळ असू द्या आणि सकाळचं फिरणं महिनाभर सोडा.