खडी-वाळूसाठी कन्व्हेयर बेल्ट (माल वाहून नेणारा रबरी पट्टा) घेताय? आधी हे बघा

बेळगाव-खानापूर भागात क्रशर (दगड फोडायचं मशीन) टाकणारे पहिलं रेट विचारतात, पण आधी माल बघा की. आपला काळा दगड लई धारदार, क्रशरखालनं पडला की रबर कापतोच, म्हणून तिथं रबराची एम-२४ ही दणकट ग्रेडच घ्या आणि वरचं कव्हर ५-६ एमएम जाड, खाली २ एमएम बास. एम सँडला (दगड दळून केलेल्या वाळूला) एन-१७ ही साधी ग्रेड चालतंय. बेल्टची रुंदी सगळ्यात मोठ्या दगडाच्या निदान तिप्पट. आतलं कापड ईपी (पॉलिस्टर-नायलॉनचं) मागा, कॉटन पाणी पिऊन कुजतंय आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. चढ १८ अंशाच्या वर नको, खडी मागं घरंगळते. बेल्टचा जॉइंट मात्र गरम व्हल्कनायझिंगचाच (रबर तापवून, दाबून एकजीव केलेला) करा, लोखंडी क्लिपनं जोडला तर फटीतनं बारीक वाळू गळते आणि खालच्या रोलरना झिजवते.