जुनी ट्रॉली घेताना या चुका टाळा

"काहून खाली घुसून राहिले भाऊ? वरून पाहा ना, नवरीसारखी सजवली आहे!"

ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली पाहायला गेलं की विकणारा असं काहीतरी म्हणतोच. मलाही म्हणाला होता आणि मी त्याचं ऐकून खाली वाकलो नाही. दिवाळीच्या आधीचे दिवस, कापसाचा पहिला वेचा घरात येऊन पडलेला, भाड्याची ट्रॉली वेळेवर मिळेना. समोर लालभडक रंग, फाळक्यांवर, म्हणजे बाजूच्या पत्र्यांवर, नवी नक्षी. डाल्यात, म्हणजे माल भरायच्या खोक्यात, चढलो, टायरवर हात फिरवला आणि इसार देऊन मोकळा झालो. तिसऱ्या फेरीला जिनिंगच्या वाटेवर डाव्या चाकाचं बेअरिंग जाम झालं, एक्सलचं टोक खाल्लं गेलं आणि चाक निघून बाजूच्या नालीत. अर्धा कापूस रस्त्यावर. त्या वर्षी दुरुस्तीला जे गेलं, त्यात थोडी भर घातली असती तर बरी ट्रॉली आली असती.

म्हणून पहिली चूक हीच: ऐन हंगामात, गरज गळ्याशी आल्यावर घेणं. कापूस-सोयाबीन निघण्याच्या दिवसांत विकणाऱ्याला घाई नसते, आपल्याला असते. उन्हाळ्यात पाहायला लागा. तेव्हा ट्रॉली रिकामी उभी असते, उलटसुलट तपासायला सवड मिळते आणि भावही बोलता येतो.

आधी विचारा, हिने काय वाहिलं?

कापूस आणि संत्रा वाहणारी ट्रॉली आणि रेती, मुरूम, विटा वाहणारी ट्रॉली यांचं वय एकच असलं तरी हाडं वेगळी असतात. मालक सांगेल, "घरच्याच वावरात चालली." डाल्याचा तळ पाहा. तळाचा पत्रा घासून गुळगुळीत झालाय, जागोजागी खळगे पडलेत, मागच्या फाळक्याची खालची कड वाकलीय, तर तिने दगड-मुरूम पाहिला आहे. शेणखत आणि रासायनिक खत वाहणारीचे कोपरे आतून सडतात, कारण ओलं खत तिथेच साचून राहतं. रेतीच्या ट्रॉलीत आणखी एक भानगड असते, तिच्याबद्दल कागदांच्या वेळी सांगतो.

जाताना सोबत एवढं न्या: मोजायचा टेप, दहा-बारा फूट दोरी, छोटी हातोडी, टॉर्च, पेन्सिल आणि जुन्या स्पीकरमधलं चुंबक. विकणाऱ्याकडे जॅक नसला तर तोही. पोतं अंथरून खाली झोपायची लाज बाळगू नका.

चेसिस आणि हूक

रंग ताजा असेल तर शंका घ्या. गंजलेल्या पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला की डोळ्याला काही कळत नाही. तिथे चुंबक लावा. लांबीच्या जाड थरावर ते चिकटत नाही. मग हातोडीने चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, चॅनलवर हळूहळू ठोकत जा. धड लोखंड ठणठणीत वाजतं, आतून खाल्लेलं भदभद वाजतं. दोनदा ऐकलं की कान आपोआप ओळखतो.

सगळ्यात जास्त ताण येतो तो हुकाची दांडी जिथे चेसिसला मिळते त्या मानेवर. पांदणीतल्या खड्ड्यात चाक अडकलं की ट्रॅक्टरचा सगळा झटका तिथेच बसतो. टॉर्च मारून जोडाच्या कडेने बारीक तडा शोधा. रंगाखालून गंजाची तपकिरी रेघ उतरली असेल तर आत तडा आहे असं समजा. वेल्डिंगवर वेल्डिंग, त्यावर पट्टी, पट्टीवर पुन्हा वेल्डिंग असं दिसलं तर मी पुढे भाव विचारतच नाही. एखादी पट्टी नीट मारलेली असणं वेगळं. ट्रॉलीला वेल्डिंग लागतंच.

हुकाच्या कडीत बोट फिरवा. भोक गोल न राहता लांबट झालं असेल, कडीची पुढची बाजू झिजून पातळ झाली असेल, तर ती कापून नवी लावावी लागेल. हे काम फार महाग नाही, पण हे सांगून भाव उतरवता येतो. पिनही सोबत पाहून घ्या. पिन कडीत सैल असली की प्रत्येक ब्रेकला ट्रॉली मागून ढुसणी देते.

एक्सल, हब, चाकं: इथे वेळ घाला

एक एक चाक जॅकवर उचला. उचलण्याआधी दुसऱ्या चाकाला दगड लावा आणि चेसिसखाली लाकडी ओंडका ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही. आता चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. कटकट जाणवली तर बेअरिंग झिजलंय किंवा नट सैल आहे. मग चाक फिरवून सोडा. खरखर आवाज, अडकत फिरणं, हबच्या (चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसतं त्या भागाच्या) आतल्या बाजूने टायरवर उडालेलं ग्रीस, यातलं काहीही दिसलं तर हब खोलून दाखवा म्हणा. नाही म्हणाला तर बेअरिंगचा आणि एक्सलच्या टोकाचा खर्च धरूनच भाव बोला. नुसतं बेअरिंग स्वस्त असतं. बेअरिंग जिथे बसतं ती जागा झिजली असेल तर नवं बेअरिंगही टिकत नाही. मला नडलं ते हेच.

एक्सल वाकलाय का, हे ट्रॉलीच्या मागे पंधरा-वीस पावलं जाऊन पाहा. चाकं वरच्या अंगाने आत झुकलेली दिसली तर जादा वजनाने एक्सल मधून बसलाय. अशा ट्रॉलीचे टायर आतल्या कडेने झिजलेले असतात. नंतर दोरी काढा. हुकाच्या कडीपासून डाव्या हबच्या मध्यापर्यंत माप घ्या, तेवढंच उजव्या बाजूला लावून पाहा. दोन चाकी ट्रॉलीत दोन्ही मापं सारखी यायला हवीत. बोटभर फरक असेल तर एक्सल तिरपा बसलाय आणि ट्रॉली रस्त्यावर एका अंगाने चालेल. दोरी नसेल तर ओल्या मातीतून सरळ ओढायला लावा आणि चाकोऱ्या पाहा. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या रेषा जुळत नसतील तर तेच कारण.

चार चाकी असेल तर पुढची चाकं वळवणारं फिरतं टेबल आणि त्याची मधली पिन पाहा. कमानपाटे असतील तर मोडलेलं पान आणि ढिले यू-बोल्ट शोधा. चाकाचे नट बसतात ती रिमची भोकं लांबट झालेली नकोत. ती तशी झाली म्हणजे कोणीतरी ढिल्या नटांवर भरलेली ट्रॉली हाकली आहे.

टायरवर नक्षी दिसली म्हणून हुरळू नका. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे ट्रॉलीला ट्रकचे उतरवलेले किंवा रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर लावायची रीत आहे. ते चालतात, फक्त भाव नव्या टायरचा देऊ नका. भिंतीला बारीक भेगा, फुगवटा किंवा दोन बाजूंना वेगळ्या मापाचे टायर असतील तर टायरची किंमत शून्य धरा.

जॅकची (डाला उचलून रिकामी होणारी) ट्रॉली असेल तर

रिकामा डाला उचलून दाखवणं म्हणजे काहीच दाखवणं नाही. थोडी माती, मुरूम काहीतरी भरून उचलायला लावा, वर थांबवा आणि दहा मिनिटं चहा घ्या. डाला आपोआप खाली येत असेल तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्येही दोष असू शकतो, म्हणून शक्य असेल तर आपलाच ट्रॅक्टर लावा. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओरखडे असतील तर नवं सीलही लवकर फाटतं. वर असलेल्या डाल्याखाली टेकू लावल्याशिवाय डोकं घालू नका.

कागद: निम्मे लोक इथेच फसतात

"गावातलीच आहे, स्टॅम्पवर लिहून देतो ना." हे वाक्य ऐकलं की थांबा. ट्रॉली हे मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार स्वतंत्र वाहन आहे. तिचा नंबर, तिचं आरसी (नोंदणीचं पुस्तक) वेगळं असतं. स्टॅम्पपेपरवरच्या लिहून देण्याने आरटीओतलं नाव बदलत नाही. आपल्याकडे बिननंबरी ट्रॉल्या कितीतरी फिरतात. त्यातल्या पुष्कळ तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या असतात. मान्यता नसलेल्या ठिकाणी बनलेली ट्रॉली नंतर पास करून घेऊ म्हटलं तर होत नाही, हे लक्षात ठेवा.

आरसी असेल तर चेसिस नंबर जुळवा. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून हा एकच नंबर ओळख आहे. चॅनलवर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटते. आकडे वाकडेतिकडे, नव्याने ठोकलेले किंवा वेल्डिंगने झाकलेले असतील तर सरळ घरचा रस्ता धरा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फायनान्सचा बोजा आणि चलन पाहा. बोजा दिसत असेल तर कर्ज देणाऱ्याचं पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर वारसांकडून फॉर्म ३१. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पांढुर्णा, बैतूल किंवा आदिलाबादकडून, म्हणजे परराज्यातून, स्वस्तात आलेली असेल तर तिथल्या आरटीओची ना हरकत, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात घ्या.

विकणारा "पाहू नंतर" म्हणाला तर त्याला सांगा, यात त्याचंही भलं आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की अपघाताच्या भरपाईत नोंदणीत ज्याचं नाव, त्यालाच मालक धरायचं, मधे कितीही हात बदललेले असोत. हे ऐकून आमच्या गावातले एक काका दुसऱ्याच दिवशी आरटीओत हजर झाले.

आता ती रेतीची भानगड. विनापरवाना रेती नेताना महसूल विभागाने ट्रॉली पकडली असेल तर तिच्यावर दंड बाकी असू शकतो. संशय आला तर तहसील कार्यालयात नंबर देऊन विचारा. विम्याचंही वेगळं पाहा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचा झाला असं धरू नका. पॉलिसीवर ट्रॉलीचा नंबर वाचा.

सौदा करण्याआधी वजनकाटा

हे फार कमी लोक करतात. बाजार समितीतल्या नाहीतर जिनिंगच्या काट्यावर रिकामी ट्रॉली सोडवून तोला आणि आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. बरीच हलकी भरली तर पत्रा बदलून पातळ टाकलाय. बरीच जड भरली तर डाला वाढवलाय किंवा ठिगळं मारलीत.

घरी आणल्यावर

पहिल्या भरलेल्या फेरीत पाच-सहा किलोमीटरवर थांबा आणि दोन्ही हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलाय, ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जातंय. तिथेच माल उतरवलेला परवडतो. एकच हब गरम असेल तर बिघाड त्याच बाजूला. रिकामी असताना सरळ आणि भरल्यावर तिरपी चालत असेल तर कमानपाटा किंवा यू-बोल्ट पाहा. घरी परतल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळा, आणि मागे लाल रिफ्लेक्टर नसतील तर अंधार पडायच्या आत लावून घ्या.