फिशटँकचं पाणी: आठवड्याला पाव टाकी आणि नळाखाली न धुतलेला स्पंज

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही घरोघरी दिसणारी टाकी. हिशोबाने तिच्यात 56 लिटर मावतात, पण तळाची खडी आणि वरची दोन-तीन बोटं रिकामी जागा धरली की पाणी उरतं साधारण 45 लिटर. औषध, मीठ, अँटी-क्लोरीन, सगळ्याची मात्रा या 45 वर काढायची.

एवढ्याशा पाण्यात बिघाड झपाट्याने होतो आणि तो दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. पाणी काचेसारखं स्वच्छ असतानाही मासे मरतात ते यामुळेच. अमोनियाचा निकाल लावतात ते जिवाणू. त्यांतला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात, आणि त्यांना वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. टाकी सांभाळायची म्हणजे आधी हे जिवाणू सांभाळायचे.

नव्या टाकीत ते तयार व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोपर्यंत मासे न सोडता फिल्टर चोवीस तास चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळेल. ओळखीच्या कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवा. हा काळ खूप कमी होतो. थेंबांचं टेस्ट किट घ्याच. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं, की एकदा निम्मं पाणी बदलून पहिले चार-पाच गप्पी सोडा. उरलेले दोन-तीन आठवड्यांनी. या काळात पाणी दुधाळ झालं तर घाबरून टाकी रिकामी करू नका, ते आपोआप निवळतं.

पाणी बदलणं

आठवड्यातून एकदा 10 ते 12 लिटर, म्हणजे साधारण पाव टाकी. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून टाकी, खडी, फिल्टर सगळं घासून लख्ख करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडून द्या. त्या एका धुण्यात जिवाणू जातात आणि मासे पुन्हा नव्या टाकीत येऊन पडतात.

नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर चोवीस तासांत बहुतेक उडून जातं. वेळ नसेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरा. 10 ग्रॅम खडे 1 लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि 10 लिटरच्या बादलीला त्यातलं 10 मिली घाला, दोन मिनिटं ढवळा. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढवलेलं असू शकतं, टँकरच्या पाण्यात तर ब्लीचिंग पावडर किती पडली याचा नेमच नाही. पाण्याला उग्र वास येत असेल तर मात्रा दुप्पट करा आणि तरीही रात्रभर हवा द्या.

टाकीतलं पाणी काढायला अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी पुरते. बादली टाकीच्या खाली ठेवा, नळीचं तोंड खडीत बोटभर खुपसा. काळपट घाण वर चढताना दिसते. खडीही चढू लागली की नळी अंगठ्याने दाबा, खडे खाली पडतात, मग पुढची जागा. एका आठवड्यात अर्धा तळ, पुढच्या आठवड्यात उरलेला.

त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळा. पाणी तपकिरी होईल. स्पंज तपकिरी राहिला तरी चालेल. त्यातून पाणी मोकळं वाहिलं पाहिजे एवढंच. नळाखाली, साबणाने किंवा उन्हात वाळवून कधीच नाही. भरताना टाकीत बशी ठेवून तिच्यावर धार सोडा, आणि जुन्या-नव्या पाण्याच्या तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको.

बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, पण ते जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं असतं आणि त्याचा पीएचही बहुधा जास्त असतो. गप्पी, मोली, प्लॅटी त्यात मजेत राहतात. निऑन टेट्राला ते मानवत नाही. पीएच खाली आणायला औषधं ओतण्यापेक्षा आपल्या पाण्याला सोसेल असा मासा निवडावा. मात्र एक लक्षात असू द्या: 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तो 5 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून जड पाण्याच्या टाकीत थोडा अमोनियाही महागात पडतो. नुसतं आरओचं पाणी भरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएच टिकत नाही. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी तर क्षारांनी भरलेलं, ते टाकीला नकोच. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भर घालायला मात्र आरओचं शुद्ध पाणी उत्तम, कारण आटताना फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात टाकी 33-34 अंशांवर सहज जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशांना तर तो जास्त लागतो. झाकण काढून वर जाळी टाका, पृष्ठभागावर तिरका पंखा लावा. दोन-तीन अंश उतरतात. बर्फ थेट टाकू नका.

मासे वर येऊन तोंड मारू लागले तर

आधी एअर पंप जोरात, खाणं बंद, मग टेस्ट. अमोनिया किंवा नायट्राइट निघाला तर लगेच एक तृतीयांश पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. नायट्राइट असेल तर लिटरला 1 ग्रॅम प्रमाणे खडे मीठ, म्हणजे आपल्या टाकीला 45 ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून काही तासांच्या अंतराने दोन हप्त्यांत घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, तेव्हा पुढे 10 लिटर बदलले तर 10 ग्रॅमच घाला, आणि धोका टळल्यावर तेही थांबवा. टाकीत नाजूक वनस्पती किंवा कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) असतील तर मिठाऐवजी पाणी बदलण्यावर भर द्या.

वीज तीन-चार तासांहून जास्त गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नका. आत अडकलेलं पाणी प्राणवायूविना सडलेलं असतं. ते आधी मोरीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळवा, मग बटण दाबा.