अंदमानात गरवायला जाताना मुक्काम कुठे ठोकावा

मालवण-देवगडला खडपावर उभं राहून रावस-जिताड्यासाठी गरवणाऱ्यांना (गळाने मासे पकडणाऱ्यांना) कधी ना कधी अंदमानची ओढ लागते. मग हॉटेल आधी ठरतं आणि बोट नंतर. उलटं करा. पाच दिवसांच्या सहलीत गळ प्रत्यक्ष पाण्यात किती तास राहणार, हे मुक्कामाच्या जागेवरच ठरतं.

पहिला प्रश्न माशाचा. अंदमानचं नाव आहे ते जायंट ट्रेव्हलीसाठी. गरवणारे त्याला जीटी म्हणतात. आपल्याकडच्या कोकर माशाच्या कुळातला, पण अंगाने कितीतरी मोठा. तो उथळ खडपांच्या कडेला, प्रवाह आदळतो तिथे असतो आणि पाण्यावर खळखळणाऱ्या पॉपरवर, म्हणजे तरंगत्या खोट्या आमिषावर, झडप घालतो. डॉगटूथ ट्यूना मात्र खोल कड्यांवर असतो. त्याच्यासाठी जिग, म्हणजे धातूचं जड आमिष, थेट तळापर्यंत सोडावी लागते. जीटी हवा असेल तर किनाऱ्याजवळची बेटं आणि सामुद्रधुन्या हाताशी हव्यात. डॉगटूथ हवा असेल तर उघड्या समुद्रात लांब पळणारी मोठी बोट लागते. दोन्ही हवं असेल तर दिवस वाढवा, रोज थोडं थोडं दोन्ही करू नका.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि बहुतेक सहली इथेच बिघडतात. नोव्हेंबर-डिसेंबरात ईशान्य मोसमी वारा असतो, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि बेटांची पूर्व बाजू खवळते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नैऋत्य मोसमी पाऊस येतो, मग पश्चिम बाजूची पाळी. फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य हा सगळ्यांत शांत काळ. १५ एप्रिल ते १४ जून या काळात अंदमान-निकोबारकडच्या समुद्रातही यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे त्या तारखांना जायचं असेल तर बोटीचा परवाना काय सांगतो ते बोटवाल्याकडून आधी लेखी घ्या. मुक्काम असा निवडा की वारा फिरला तरी बेटाच्या दुसऱ्या अंगाला आडोसा मिळेल. एकाच बाजूला उघडा असलेला सुंदर किनारा गरवणाऱ्याच्या कामाचा नाही.

या कसोटीवर दक्षिण अंदमान सगळ्यांत उजवं ठरतं. पोर्ट ब्लेअर (सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम) दिसायला साधं शहर आहे, पण विमानतळ, मोठं जी. बी. पंत रुग्णालय, इंधन आणि बर्फ सगळं तिथेच आहे. गळ हातात रुतला की रुग्णालय किती लांब, हा प्रश्न फार खरा होतो. शहराच्या दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर चिडियाटापू आहे. समोर मॅकफर्सन सामुद्रधुनी आणि पलीकडे रटलंड बेट.

आता हिशेब बघा. २० नॉट म्हणजे तासाला ३७ किलोमीटर. शहरातल्या धक्क्यावरून रटलंडच्या दिशेने निघालेली बोट चिडियाटापूपर्यंत यायलाच जवळपास ४० मिनिटं घेते. जाऊन-येऊन ८० मिनिटं, पाच दिवसांत साडेसहा तास. एक पूर्ण दिवस नुसता पळण्यात गेला, इंधनही जळलं. दोन इंजिनांची बोट या वेगाला तासाला ४० ते ६० लिटर सहज पिते. म्हणून बोट चिडियाटापूहून सुटणारी शोधा. तिथे राहायच्या जागा थोड्या आहेत. न मिळाल्यास शहरात राहून पहाटे गाडीने जा. रस्त्यावरचा तास समुद्रावरच्या तासापेक्षा स्वस्त पडतो आणि पाठीला धक्केही बसत नाहीत. निघायचं मात्र लवकर. घड्याळ भारतीय वेळेचं असलं तरी सूर्य मुंबईच्या जवळपास ८० मिनिटं पुढे असतो. डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजून गेले की मावळतो. सकाळी आठला सुटणारी बोट घेऊ नका.

हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप, कुटुंब बरोबर असेल तर योग्य. इतरांना राधानगरचा किनारा आणि डायव्हिंग, तुम्हाला बोट. पण एक खोच आहे. शेजारची हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, आउट्रम ही बेटं राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतात. तिथे गरवता येत नाही, आणि नकाशावर जवळ दिसणारी चांगली खडपं नेमकी त्या हद्दीत निघतात. पोर्ट ब्लेअरजवळच्या वांडूरचीही तीच गत. धक्क्यासमोरच महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान (स्थापना १९८३) सुरू होतं. आदिवासींच्या उत्तर सेंटिनेल बेटाभोवती पाच सागरी मैलांच्या आत कुठल्याही बोटीने जायचं नाही, याला अपवाद नाही. पैसे भरण्याआधी बोटवाल्याला जीपीएसवर हद्दी दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा.

हॅवलॉकहून बॅरन बेटाचा ज्वालामुखी साधारण १०० किलोमीटर. शांत समुद्रात तीन तास जाणं, तीन तास येणं, म्हणजे उजेडाचा अर्धा दिवस प्रवासात. बॅरन गरवायचं असेल तर बोटीवरच राहायची सोय असलेली सफर घ्या. दिवसाची फेरी म्हणजे पैशांची नासाडी.

उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरचा मोह दहा दिवस हाताशी असतील तरच करा. रस्ता ३०० किलोमीटरहून जास्त, जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ठरलेल्या वेळीच सुटणाऱ्या ताफ्याबरोबर जावं लागतं, मध्ये फेरीबोट. जाण्यायेण्यात दोन दिवस संपतात.

तारखा पंचांग उघडून ठरवा. जीटीसाठी पाण्याला ओढ (जोराचा प्रवाह) लागते, म्हणून उधाण हवं. द्वादशी-त्रयोदशीला पोहोचा, अमावास्या किंवा पौर्णिमा मध्ये घ्या आणि चतुर्थीच्या आसपास परता. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) पाणी मंद होतं, चारा म्हणजे छोटे मासे कडेला रेटले जात नाहीत आणि पॉपर मारून हात दुखतात. खोलात जिगिंग करणाऱ्यांचं उलट. जोराच्या ओढीत ३०० ग्रॅमची जिगसुद्धा तळाला न लागता वाहत जाते, म्हणून अष्टमी ते एकादशी त्यांना बरी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत पोर्ट ब्लेअरला चालत नाही. तिथलं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या. लाटा आणि वाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा अंदाज रोज संध्याकाळी पाहा.

बोट ठरवताना विचारायचं ते असं: आठ तास धक्का ते धक्का की गरवायचे? इंधन धरलेलं आहे का? दोन इंजिनं, व्हीएचएफ रेडिओ, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, सावली? एका वेळी पॉपर फेकणारे किती? दोनच बरे. तिसरा आला की मागे फिरणाऱ्या गळांपासून कुणीतरी जखमी होतं. तांडेल (बोट चालवणारा) ओढीच्या वर बोट नेऊन इंजिन बंद करून वाहू देतो की खडपावरच इंजिन घुरघुरत ठेवतो, हेही विचारा. दुसऱ्या प्रकाराने मासे बिथरतात.

सामान इथूनच न्या, तिथल्या बाजारात पॉपर मिळेल असं धरून चालू नका. रावसाचा रॉड इथे मोडेल. आठ फुटी, पीई ८ ते १० जाडीची ब्रेड (विणलेली दोरी) पेलणारा दोन तुकड्यांचा रॉड, १४००० ते २०००० आकाराचं रील, १३० ते २०० पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरा). ड्रॅग (दोर सुटू न देणारा रीलचा ब्रेक) घरीच ताणकाट्यावर १० किलोला बसवून पाहा. तो सैल राहिला तर जीटी पहिल्या दहा सेकंदांत प्रवाळाखाली शिरतो आणि लीडर कातरला जातो. १५० ग्रॅमचे बारा पॉपर, ३०० ग्रॅमच्या आठ जिग, दोन रीलं आणि रॉडची नळी मिळून नऊ-दहा किलो होतात. देशांतर्गत विमानात सहसा १५ किलो मिळतात, म्हणून जादा वजन आधीच विकत घ्या. त्रिशूळ गळ काढून एकेरी, काटा दाबलेले बसवा. जीटी सोडून द्यायचा आहे, आडवा धरून पोटाखाली हात देऊन.

सकाळ-संध्याकाळ खाजणात किंवा खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरून गरवू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, राधानगरसारख्या किनाऱ्यावरही माणूस दगावला आहे.

दुसऱ्या बेटावर मुक्काम असेल तर परतीच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला या. समुद्र खवळला की फेरीबोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही. त्या दुपारी रीलं, रॉडच्या कड्या आणि गळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ओलं सामान नळीत कोंबलं तर घरी पोहोचेपर्यंत गळांना गंज चढलेला असतो.