न्यूक्लिअरचा डिपार्टमेंट हेड शोधताय? जाहिरातीआधी रिॲक्टरवाल्यांशी बोला

आमच्या विद्यापीठातली न्यूक्लिअर इंजिनिअरिंगच्या हेडची मागची भरती ऐन शेवटच्या टप्प्यावर फिसकटली आणि त्या सर्च कमिटीत मीही होतो, म्हणून हे लिहितोय. अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आपली बरीच मराठी मंडळी प्रोफेसर आहेत, त्यातल्या कुणाला ना कुणाला डीन असल्या कमिटीवर घालणारच, आणि डिपार्टमेंट न्यूक्लिअरचं असेल तर एचआरने दिलेली यादी पुरत नाही. कमिटीत कोण घ्यायचं, सगळ्यांना सारखेच प्रश्न, नोट्स जपून ठेवा, हे एचआर सांगतंच, त्यात मी शिरत नाही.

सगळ्यात आधी रिॲक्टर. कॅम्पसवर शिकवण्या-संशोधनासाठीचा अणुरिॲक्टर असेल तर जाहिरातीचा मसुदा लिहायला घेण्याआधी त्याच्या लायसन्सची टेक्निकल स्पेसिफिकेशन्स (म्हणजे लायसन्सच्या अटींचा दस्तऐवज) मागवा आणि त्यातलं प्रशासनाचं प्रकरण स्वतः वाचा. तिथे जबाबदारीची उतरंड दिलेली असते. लेव्हल वन म्हणजे लायसन्सला एकंदर जबाबदार माणूस, लेव्हल टू म्हणजे रिॲक्टरचा डायरेक्टर, त्याखाली रोजचं बघणारा सुपरवायझर, मग ऑपरेटर. लेव्हल वनच्या चौकटीत कुठे संशोधनाचे व्हाइस प्रेसिडेंट असतात, कुठे डीन, आणि कुठे खुद्द डिपार्टमेंट हेड. आमच्याकडे हेड होते आणि हे कमिटीत कुणीच उमेदवाराला सांगितलं नव्हतं. ऑफरची बोलणी चालू असताना उमेदवाराने साधा प्रश्न विचारला, की लेव्हल वन मी असेन तर ऑपरेटरांचे पगार कुणाच्या बजेटमधून येतात आणि ते बजेट कापायचा अधिकार कुणाला? याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेही तयार नव्हतं, डीनकडेही नव्हतं. उमेदवाराने नाव मागे घेतलं आणि मला ते शंभर टक्के बरोबर वाटतं, पैसा दुसऱ्याच्या हातात आणि सही आपली असं कोण शहाणा माणूस पत्करेल.

म्हणून रिॲक्टरच्या डायरेक्टरला बोलवा, समोर बसवा आणि विचारा: लेव्हल वन कोण, पैसे कुठून येतात, किती ऑपरेटर लायसन्सवाले आहेत आणि त्यातले किती रिटायर व्हायला आलेत, लायसन्स रिन्यूअलचं काम कुठवर आलंय, एनआरसीच्या (न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, रिॲक्टरना लायसन्स देणारी सरकारी संस्था) गेल्या तपासणीत काय निघालं, इंधनाची काय परिस्थिती. इंधनाचं का, तर विद्यापीठांच्या रिॲक्टरचं इंधन ऊर्जा खात्याच्या मालकीचं असतं आणि आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेमार्फत मिळतं, त्यातही तुमचा रिॲक्टर ट्रायगा जातीचा असेल तर ते फ्रान्समधल्या रोमान्सच्या कारखान्यात बनतं, म्हणजे हवं तेव्हा फोन करून मागवायची वस्तू नाही. ही उत्तरं लेखी घ्या आणि त्यावर डीनची सही घ्या. सही होत नाही तोवर जाहिरात काढू नका, डीन कितीही घाई करोत.

रिॲक्टर लहान आहे म्हणून हे सोडून देऊ नका. पर्ड्यूचा १० किलोवॅटचा आहे, मिसुरीचा १० मेगावॅटचा, दोन्हीकडे लायसन्स ते लायसन्स आणि जबाबदार माणूस तो जबाबदार माणूस. देशात विद्यापीठांकडे असे रिॲक्टर आता पंचवीसच्या आसपासच उरलेत. बर्कलेचा १९८७ मध्ये बंद झाला, कॉर्नेलचा २००२ मध्ये, मिशिगनचा फोर्ड रिॲक्टर १९५७ पासून चालला आणि २००३ मध्ये थांबला. वरच्या मजल्यावर रिॲक्टरसाठी भांडणारा माणूस नसला की खर्चाच्या रकान्यात पहिलं बोट तिथेच जातं, आणि विद्यापीठाचा एकदा बंद केलेला रिॲक्टर सहसा परत उभा राहत नाही. तुम्ही जो हेड निवडताय तोच हा भांडणारा माणूस असणार आहे, हे कमिटीतल्या प्रत्येकाला कळलेलं असू द्या.

आणखी एक याच विषयावर. जुने हेड पायउतार झाले की मध्ये इंटेरिम हेड येतो, तोही त्याच चौकटीत बसतो. बहुतेक ठिकाणच्या स्पेसिफिकेशन्समध्ये लेव्हल वन किंवा टूचा माणूस कायमचा बदलला की ३० दिवसांत एनआरसीला लेखी कळवायचं असतं. हे कोण कळवणार ते आजच ठरवा.

मग जाहिरात. नेटाने संशोधन करणारा हवा, पैसा आणणारा हवा, शिकवणारा हवा, उद्योगाशी ओळख असलेला हवा, असं सगळं एका परिच्छेदात कोंबलं की कुणीच अर्ज करत नाही. यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोनच गोष्टी ठरवा. सध्या बाजार उमेदवाराचा आहे हे लक्षात घ्या, जॉर्जियात व्होग्टल अणुवीज केंद्राचे नवे दोन युनिट २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाले, थ्री माइल आयलंडचं बंद पडलेलं युनिट वन मायक्रोसॉफ्टच्या करारामुळे पुन्हा चालू करायचं ठरलं, टेरापॉवर ही कंपनी वायोमिंगमध्ये नवा रिॲक्टर बांधतेय, आणि या सगळ्यांना हीच माणसं हवीत. विद्यापीठाच्या पगाराने ती येणार नाहीत, ती येतात ती माणसं घडवायला मिळतात म्हणून, जागा किती भरता येतील म्हणून, आणि (पुन्हा तेच) रिॲक्टर हाताशी असतो म्हणून. तेव्हा पुढच्या काही वर्षांत किती फॅकल्टी जागा मिळणार हे डीनकडून आकड्यात घ्या, 'प्रयत्न करू' हे उत्तर नको.

नुसती जाहिरात टाकून वाट बघू नका. न्यूक्लिअर हेडांची नेडो नावाची संघटना आहे, तिथे शब्द टाका. अमेरिकन न्यूक्लिअर सोसायटीच्या जून आणि नोव्हेंबरच्या मीटिंगांत प्रत्यक्ष भेटा, ओक रिज, आयडाहो, आर्गॉन या राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या लोकांना फोन करा. चांगली माणसं अर्ज करत नाहीत, त्यांना विचारावं लागतं. आणि नावं गुप्त ठेवा, पण काही राज्यांत सरकारी विद्यापीठांना अंतिम उमेदवारांची नावं जाहीर करावी लागतात, तसं असेल तर पहिल्याच फोनवर सांगा, नाहीतर त्यांच्या सध्याच्या बॉसला पेपरातून कळेल.

एक्सपोर्ट कंट्रोल. आपल्या लोकांनी हे जरा नीट वाचा. ऊर्जा खात्याचा पार्ट ८१० नावाचा नियम आहे, अणुतंत्रज्ञान परदेशी माणसाला दिलं तर ते अमेरिकेतच दिलं असलं तरी निर्यात धरली जाते. ग्रीन कार्डवाल्यांना ते लागू नाही, एच-वनवाल्यांना लागू पडू शकतं, आणि सरसकट परवानगीच्या देशांच्या यादीत भारत नाही. होल्टेक या अमेरिकन कंपनीला तिच्याच पुण्यातल्या कंपनीला, एल अँड टीला आणि टाटा कन्सल्टिंगला छोट्या रिॲक्टरचं तंत्रज्ञान द्यायला मार्च २०२५ मध्ये वेगळी परवानगी घ्यावी लागली ती यामुळेच. जानेवारी २०२५ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव व्यापार खात्याच्या निर्बंधांच्या यादीतून निघालं म्हणून हा नियम गेला असं समजू नका, तो वेगळा आहे. प्रकाशित होणाऱ्या मूलभूत संशोधनाला सूट आहे. पण कमिटीने उमेदवाराचं नागरिकत्व विचारत बसायचं नाही, त्यावरून कुणाला गाळायचं तर अजिबात नाही, ते काम एक्सपोर्ट ऑफिसचं, त्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ऑफरच्या वेळी धावाधाव होत नाही.

कॅम्पस व्हिजिट. डीन, फॅकल्टी, विद्यार्थी, सेमिनार, जेवण हे होतंच. रिॲक्टरसाठी वेगळा भरपूर वेळ ठेवा, दोन मीटिंगांच्या फटीत घुसवलेली टूर म्हणजे काहीच नाही. विनाएस्कॉर्ट आत सोडायचं तर बोटांचे ठसे देऊन एफबीआयची तपासणी लागते, ती एका व्हिजिटपुरती करायची नसते, त्यामुळे सोबत माणूस लागणार, पाहुण्याची माहिती आधी द्यावी लागणार. आणि ऑपरेटरांना उमेदवारासोबत एकटं बसू द्या, फॅकल्टी बाहेर. आम्ही हे केलं नव्हतं. ते केलं असतं तर पगाराचा तो प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता आणि उत्तर शोधायला हातात वेळ राहिला असता. ऑपरेटरांचं मत लेखी घ्या आणि फॅकल्टीच्या मतांच्या शेजारी ठेवा, परिशिष्टात नको.

जोडीदाराची नोकरी. उमेदवार स्वतःहून काढेल तेव्हाच बोलायचं, आधी विचारायचं नाही, पण विद्यापीठात यासाठी कोण मदत करतं हे सगळ्यांनाच सांगून ठेवा. लहान गावातल्या विद्यापीठांत निम्मी बोलणी इथेच अडतात असं माझं मत आहे.

रेफरन्स: यादीबाहेरच्यांना फोन करायचा तर उमेदवाराची परवानगी घेऊन. हाताखाली काम केलेल्या एकाशी तरी बोला.

टेन्युअर: राष्ट्रीय प्रयोगशाळेतून येणाऱ्याला टेन्युअरसकट (म्हणजे कायमच्या प्रोफेसरकीसकट) घ्यायचं तर बाहेरची पत्रं, डिपार्टमेंटचं मतदान, कॉलेज, प्रोव्होस्ट, बोर्ड, हे सगळं महिने खातं. निवड झाल्यावर सुरू करू नका.

ऑफर लेटर: पगार, लॅब, जागा, हेडपदाची मुदत, आणि लेव्हल वनचं कलम, पैशाच्या सोर्ससकट. तोंडी चालणार नाही.

आल्यावर: एनआरसीला पत्र, बॅजसाठी ठशांची तपासणी, एबेटची (इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) पुढची व्हिजिट कधी आहे ते सांगणं, जुन्या हेडांसोबत काही दिवस. पत्राची पोच फाइलला लावा.