लॉ सीईटीची तयारी : कोल्हापुरात बसून, मराठी माध्यमातून

सर्वात महागात पडणारी चूक फॉर्म भरतानाच होते. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एलएलबी आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी यांच्या सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, वेगवेगळ्या असतात. दोन्ही राज्य सीईटी कक्ष घेतो, पण फॉर्म, तारीख आणि पेपर वेगळे. तिसरी परीक्षा म्हणजे क्लॅट, राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटवर प्रवेश देतात, तिथे सीईटीचा स्कोअर चालत नाही. याउलट मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस, आपल्याकडचं शहाजी लॉ कॉलेज यांची वाट सीईटीतूनच जाते. क्लॅट साधारण डिसेंबरात होते, फक्त इंग्रजीत असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापते. सीईटी उन्हाळ्यात होते, इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि गुण कापत नाही. दोन्ही द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण एकाच पद्धतीने दोन्हीची तयारी करू नका.

पात्रतेसाठी बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. दहावी-बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. बारावी न करता थेट पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून पदवीला गेलेले मात्र बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या एलएलबीला अपात्र ठरतात. हे अभ्यासाला बसण्याआधीच बघा, कॉलेजच्या खिडकीवर कळलं तर वर्ष गेलेलं असतं.

पेपर कसा असतो

पाच वर्षांच्या सीईटीत १२० प्रश्न, १२० गुण, १२० मिनिटं. कायदेविषयक कल ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, तर्कशक्ती ३२, इंग्रजी २४, गणित ८. तीन वर्षांच्या सीईटीत गणित नाही. कायदा २४, सामान्य ज्ञान ३२, तर्क २४ आणि इंग्रजी तब्बल ४०. म्हणजे बी.ए., बी.कॉम. करून लॉकडे वळणाऱ्याने कलमं पाठ करत बसण्यापेक्षा इंग्रजीला जास्त वेळ द्यायला हवा, आणि नेमकं तेच होत नाही.

जुन्या बाजारात मिळणारी बरीच पुस्तकं १५० प्रश्नांच्या नमुन्यावर आहेत. सरावाला चालतील, पण वेळेचं गणित त्यावर बसवू नका.

तत्त्व आणि तथ्य

कायद्याच्या विभागात दोन जातीचे प्रश्न येतात. एक सरळ माहितीचा: कोणतं कलम, कोणती घटनादुरुस्ती, कोणत्या लॅटिन सूत्राचा अर्थ काय. दुसऱ्यात एक तत्त्व देतात, एक प्रसंग देतात आणि निष्कर्ष विचारतात. मुलं अडकतात ती इथे. दिलेलं तत्त्व बाजूला ठेवून स्वतःला काय वाटतं त्यावर उत्तर देतात.

एक प्रश्न घेऊन बघू. तत्त्व: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी जो हलवतो, तो चोरी करतो. प्रसंग: संभाजीने अंगठा तुटलेली कोल्हापुरी चप्पल चपलांच्या बाजारातल्या एका कारागिराकडे दुरुस्तीला टाकली. दीडशे रुपये झाले. पैसे मिळेपर्यंत कारागिराने चप्पल ठेवून घेतली. कारागीर चहाला गेलेला बघून, पैसे बुडवायचे म्हणून संभाजीने चप्पल उचलली आणि निघाला. ही चोरी आहे का?

बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं, कारण चप्पल त्याचीच. पण तत्त्वात ‘मालकी’ हा शब्द कुठेच नाही, ‘ताबा’ आहे. ताबा कारागिराकडे होता आणि पैशांसाठी तो कायदेशीर होता. संमती नव्हती. हेतू अप्रामाणिक होता. चप्पल हलवलीही. चारही अटी भरल्या, म्हणजे चोरी झाली. पर्यायांमध्ये ‘नाही, कारण माणूस स्वतःची वस्तू चोरू शकत नाही’ हे वाक्य ठेवलेलं असतंच. ऐकायला बरोबर वाटतं, म्हणूनच ठेवतात.

तेव्हा करायचं ते असं. तत्त्वातल्या अटी सुट्या करून कच्च्या कागदावर एकेका शब्दात लिहा: ताबा, संमती, हेतू, हलवणं. मग प्रसंगातून प्रत्येकीसमोर बरोबर किंवा फुली. एक फुली पडली की निष्कर्ष उलटतो. सुरुवातीला एका प्रश्नाला तीन मिनिटं लागतात. साठ-सत्तर प्रश्न झाले की एका मिनिटावर येतं.

याहून चांगला सराव म्हणजे एकच तत्त्व घेऊन प्रसंग आपणच फिरवायचा. ‘धोका समजून-उमजून स्वीकारणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येत नाही’ हे तत्त्व घ्या आणि खासबाग मैदानात उभं करा. नियमात चाललेल्या कुस्तीत पैलवानाचा हात मोडला: भरपाई नाही. पंचांनी कुस्ती सोडवल्यावर प्रतिस्पर्ध्याने पाठीमागून उचलून आपटलं: भरपाई मिळेल, कारण संमती खेळाला होती, मारहाणीला नव्हती. कुस्ती बघायला आलेल्याच्या अंगावर मंडप कोसळला: त्यानेही कुस्ती बघायची संमती दिली होती, मांडव अंगावर घ्यायची नाही. दोघा-तिघांनी मिळून असे प्रसंग एकमेकांना घालत बसलं तर तासाभरात एक प्रकरण पक्कं होतं. टॉर्ट (दिवाणी अपकृत्य, ज्यात नुकसानभरपाई मागता येते) आणि करार यांची मुख्य तत्त्वं अशीच करावीत. अज्ञानाशी, म्हणजे १८ वर्षांखालच्याशी केलेला करार पहिल्यापासून शून्य असतो. १९०३ चा मोहरी बीबी खटला त्यासाठीच लक्षात ठेवायचा. मुलगा खोटं वय सांगून माल घेऊन गेला आणि दुकानदाराची दया आली, तरी उत्तर बदलत नाही.

कलमांचे जुने-नवे आकडे

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९, फसवणुकीचं ४२० आता ३१८, चोरी ३०३ मध्ये, विवाहितेच्या छळाचं ४९८-अ आता ८५. घरादारात अजून ‘चारशे वीस’ म्हणूनच शिवी चालते, त्यामुळे जुने आकडे डोक्यातून जात नाहीत. जुनं पुस्तक वापरत असाल तर प्रत्येक कलमाशेजारी नवं कलम पेन्सिलीने लिहा. फार कलमं करायची गरज नाही, तीस-पस्तीस पुरतात.

संविधानाला मात्र काटकसर नको. मूलभूत हक्क (१२ ते ३५), मार्गदर्शक तत्त्वं, कलम ५१-अ ची अकरा मूलभूत कर्तव्यं, राष्ट्रपती, संसद, न्यायालयं आणि आणीबाणी नीट करा. दुरुस्त्यांमध्ये ४२ वी (१९७६), ४४ वी (१९७८), ५२ वी (१९८५), ६१ वी (१९८८), ७३ व ७४ वी (१९९२), ८६ वी (२००२), १०१ वी (२०१६), १०३ वी (२०१९) आणि १०६ वी (२०२३). खटल्यांमध्ये केशवानंद भारती (१९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा), मनेका गांधी (१९७८), मिनर्व्हा मिल्स (१९८०), पुट्टस्वामी (२०१७, खासगीपणाचा हक्क).

मराठी माध्यमवाल्यांची एक वेगळीच अडचण असते. एकाच रिटला, म्हणजे हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालय काढतं त्या आदेशाला, मराठी पुस्तकांत दोन-तीन नावं सापडतात. हेबिअस कॉर्पस कुठे देहोपस्थिती, तर कुठे बंदी प्रत्यक्षीकरण. मँडॅमस कुठे परमादेश, कुठे महादेश. सर्शिओरारी उत्प्रेषणही आणि प्राकर्षणही. एकच नाव पाठ केलेला मुलगा पेपरात दुसरं नाव बघून गोंधळतो. म्हणून मूळ लॅटिन किंवा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून त्याखाली मराठी नावं लिहायची, आणि पाठांतर मूळ शब्दाचं करायचं. पेपरातलं मराठी वाक्य अनुवादात अडखळलं असेल तर त्याच प्रश्नाचं इंग्रजी वाचा, तिथे गाठ सुटते.

एका बातमीतून वीस प्रश्न

सामान्य ज्ञानाची हजार पानी पुस्तकं विकत घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. रोजचं मराठी वर्तमानपत्र, एक वही आणि बातमी उकलायची सवय एवढं पुरतं.

उकलायची म्हणजे कशी, ते कोल्हापूरच्याच बातमीवर बघा. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं. सहा जिल्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आता खाली उतरा. हे बेंच कोणत्या कायद्याने आलं? राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३), ज्यात मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने दुसऱ्या ठिकाणी कामकाज बसवू शकतात. कायम खंडपीठ हवं तर कलम ५१(२) आणि राष्ट्रपतींचा आदेश लागतो. मुंबई उच्च न्यायालयाची कायम खंडपीठं कुठे? नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा. उच्च न्यायालय कधीचं? १८६२. प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय: कलम २१४. दोन राज्यांना मिळून एक: कलम २३१. न्यायाधीशांची नेमणूक: कलम २१७. निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या. रिट काढायचा अधिकार: उच्च न्यायालयाला २२६, सर्वोच्च न्यायालयाला ३२. गवई ५२ वे सरन्यायाधीश, त्यांच्यानंतर सूर्य कांत ५३ वे. चालू घडामोडी, राज्यघटना आणि महाराष्ट्र, तिन्ही एका पानावर आलं.

तसंच शाहू महाराजांचं. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश, १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९२० ची माणगाव परिषद हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. शिक्षणाच्या कायद्याला कलम २१-अ, ८६ वी दुरुस्ती आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा जोडला की तेच कायद्याच्या विभागातही कामाला येतं. दिवसाला अशा दोन बातम्या पुरेत.

इंग्रजी आणि बाकीचं

मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या चुका ठरावीक असतात आणि पेपर काढणाऱ्यांना त्या पाठ आहेत. ‘च्याबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘तिच्याशी लग्न केलं’ म्हणून ‘मॅरी विथ’, ‘स्टेशनला पोचलो’ म्हणून ‘रीच टू’. तिन्ही ठिकाणी मधलं शब्दयोगी नको असतं. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ लिहितात, तिथे ‘फ्रेंड्स’ हवं आणि क्रियापद तरी एकवचनीच. अशा पन्नासेक जागांची यादी करून आठवड्यातून दोनदा वाचा. उताऱ्यासाठी रोज एक इंग्रजी अग्रलेख, वेळ लावून, आणि शेवटी त्याचा सारांश दोन मराठी वाक्यांत. सारांश जमला नाही तर उतारा समजलेला नाही.

तर्कशक्तीत बैठक व्यवस्था, नाती, दिशा, सांकेतिक भाषा, विधान-गृहीतक. बैठक व्यवस्थेचा प्रश्न दोन मिनिटांत जमला नाही तर सोडून पुढे जा. गणित आठच गुणांचं: शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, गुणोत्तर, वेळ-वेग. आठवी-नववीचं पुस्तक काढा, दहा दिवसांचं काम आहे.

वेळापत्रक आणि सराव पेपर

बारावीवाल्यांची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि सीईटी त्यानंतर लगेच. त्यामुळे संविधान, टॉर्ट, करार हे दिवाळीपासून जानेवारीपर्यंत रोज तासभर करून संपवायचं. बोर्ड संपल्यावर नवीन काही वाचायचं नाही, फक्त पेपर. आठवड्याला तीन, संगणकावर. मोबाईलवर सोडवून सवय होत नाही, माऊसने पुढे-मागे जाण्यात मिनिटं जातात. घरी संगणक नसेल तर शेवटच्या महिन्यात एखाद्या नेट कॅफेत आठवड्यातून दोनदा बसा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ठिकाणी वाचन होतं, पण दोन तास सलग स्क्रीनवर बसायचा सराव वेगळा करावा लागतो.

प्रत्येक पेपरनंतर चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, वाचण्यात चुकलं किंवा वेळ संपली. तीन पेपर झाले की बहुतेकांची ‘वाचण्यात चुकलं’ ही रांग सर्वात लांब निघते. ‘कोणता अयोग्य आहे’ मधला ‘अ’ डोळ्यांतून निसटतो.

कागदपत्रं आत्ताच

राखीव प्रवर्गातल्यांचा प्रवेश गुण असूनही अडतो तो जात पडताळणीवर. कोल्हापूरची समिती विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून काढायलाच महिना जातो. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करून ते होत नाही. नॉन-क्रीमीलेअरची मुदतही ३१ मार्चला संपते, ती तारीख बघा.

परीक्षेचा दिवस

केंद्र शहराबाहेरच्या एखाद्या कॉलेजात आलं तर आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून या. गडहिंग्लज, चंदगड, गगनबावड्याकडून येणाऱ्यांनी सकाळच्या सत्राला पहिल्या एसटीवर विसंबू नये, नातेवाइकांकडे मुक्काम करावा. प्रवेशपत्र आणि मूळ ओळखपत्र न्यायचं, दोन्हीवरचं नाव एकच आहे ना ते फॉर्म भरतानाच जुळवलेलं असावं.

पाच वर्षांच्या पेपरला चालेल असा क्रम: सामान्य ज्ञान १० मिनिटं, कारण तिथे आठवलं तर आठवलं. मग कायदा ३५, इंग्रजी २२, तर्क ३८, गणित १०. राहिलेली पाच मिनिटं कोऱ्या प्रश्नांसाठी. गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. चार पर्यायांतून नुसता अंदाज लावला तर वीसपैकी सरासरी पाच बरोबर येतात, दोन पर्याय आधीच खोडता आले तर दहा. पेपर अनेक सत्रांत झाला तर निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, म्हणजे तुमची तुलना तुमच्याच सत्रातल्या मुलांशी. पेपर अवघड गेला तर तो शेजारच्यालाही अवघडच गेलेला असतो, उठून जाऊ नका. घड्याळात पाच मिनिटं उरली की असाल तो प्रश्न सोडा आणि कोरे प्रश्न भरायला लागा, कारण वेळ संपताच स्क्रीन आपोआप बंद होते.